मतपेटी, न्यायासन आणि गिरणगाव : डाव्यांच्या वैफल्याची मीमांसा

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत सामान्य माणसाच्या हाती असलेले अंतिम शस्त्र म्हणजे मत, आणि न्यायालयाचा एखादा निर्णय प्रतिकूल गेला तरी पुढील निवडणुकीत राज्यकर्ते बदलून त्याचे परिमार्जन करता येते, अशी उदारमतवादी विचाराची धारणा आहे. डाव्या चळवळीने ही धारणा कधी स्वीकारली, कधी झिडकारली, आणि बहुतेक वेळा मनाविरुद्ध पत्करली. मुंबईचा विचार केला तर या दोन भूमिकांमधील ताण ज्या भूमीवर सर्वाधिक स्पष्ट दिसतो ती भूमी परळ, लालबाग, दादर, प्रभादेवी, भायखळा या पट्ट्याची, म्हणजेच गिरणगावाची होय. येथील कामगाराने मतदान केले, संप केले, न्यायालयात दादही मागितली. तरीही ज्या जमिनीवर त्याच्या तीन पिढ्या राबल्या त्या जमिनीचे काय व्हावे हे ठरविण्यात त्याच्या मताला स्थान मिळाले नाही. असे का घडले, आणि त्यातून डाव्यांच्या मनात निर्माण झालेले वैफल्य कितपत साधार आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डाव्यांचा रोष मतदानावर असतो असे सर्रास मानले जाते. गिरणगावाचा इतिहास मात्र काहीसा वेगळा आहे. येथील डाव्या कामगार चळवळीची एक प्रमुख मागणी गुप्त मतदानाचीच होती. ती विधानसभेसाठी नव्हती, गिरणीच्या दाराआड कामगारांच्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्यासाठी होती. आणि नेमके तेच मतदान कायद्याने व न्यायालयाने नाकारले.

उदारमतवादी वारसा आणि १९३८चे विधेयक

मुंबईतील कामगार चळवळीचा उगम डाव्यांपासून झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी हे पक्के उदारमतवादी होते. १९११मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि परळ भागात शिक्षण व समाजसेवेचे काम उभे केले. मद्रासमधील बकिंगहॅम गिरणीच्या वादात १९२०मध्ये तेथील उच्च न्यायालयाने कामगार नेते बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध मनाईहुकूम दिला. कामगार संघटना बांधणे हेच न्यायालयाच्या दृष्टीने कंत्राटभंगाला चिथावणी देणे ठरू शकते, हे त्या वेळी उघड झाले. त्यानंतर जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात सातत्याने प्रयत्न केले आणि त्यातून १९२६चा कामगार संघटना कायदा संमत झाला. म्हणजे न्यायालयाने बंद केलेले दार कायदेमंडळाने उघडले. उदारमतवादी श्रद्धेला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. मात्र जोशी त्या कायदेमंडळात निवडून आलेले नव्हते. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांची नियुक्ती केली होती, कारण गिरणी कामगाराला तेव्हा मताधिकारच नव्हता.

१९२८च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन पुढे आली आणि जोशींच्या सनदशीर संघटनेचा प्रभाव ओसरला. पुढे १९३७च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८मध्ये मुंबई औद्योगिक विवाद विधेयक आणले. संपापूर्वी सक्तीच्या सलोख्याची दीर्घ प्रक्रिया आणि ती टाळणाऱ्यास शिक्षा, हे त्याचे सूत्र होते. सरकार लोकांनी निवडून दिलेले आहे, तेव्हा त्याच्या कायद्याविरुद्ध संप कशासाठी, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला दिलेले उत्तर मर्मग्राही होते. काम सोडणे हा फार तर करारभंग ठरेल, गुन्हा नव्हे. तो गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबण्यास भाग पाडणे, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक तरीही संमत झाले. एकाच व्यासपीठावर आलेल्या या दोन प्रवाहांची पुढे कशी फाटाफूट झाली, ते १९५२च्या निवडणुकीत दिसून येते.

बाद मतांचा प्रश्न

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी दोन गोष्टी सांगितल्या. घटनात्मक मार्ग उपलब्ध झाल्यावर सत्याग्रह व असहकार यांसारख्या मार्गांना स्थान उरत नाही, ही पहिली. राजकारणात प्रत्येकाला समान मत मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, ही दुसरी. आपल्याकडे उदारमतवादी पहिली गोष्ट उद्धृत करतात, डावे दुसरी. भाषण एकच आहे याचा विसर दोघांनाही सोयीस्करपणे पडतो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना देणे बंधनकारक होते. राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर, सर्वसाधारण जागेसाठी त्यांच्या आघाडीतील समाजवादी अशोक मेहता, तर कम्युनिस्टांतर्फे श्रीपाद अमृत डांगे उभे होते. काँग्रेसचे विठ्ठल गांधी व नारायण काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांचे डॉ. आंबेडकरांवरील मताधिक्य सुमारे साडेचौदा हजार होते आणि वाया गेलेल्या मतांची संख्या सत्तर हजारांहून अधिक होती. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत वाया घालविण्याचा प्रचार केला, असा आरोप करीत डॉ. आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. तिला यश आले नाही.

या घटनेचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. मतपेटीबद्दल डाव्यांना वाटणाऱ्या वैफल्याची चर्चा करताना मतपेटी त्यांनी स्वतः कशी हाताळली हेही तपासावे लागते. राखीव जागेवरील मत हे आपल्या राजकारणाच्या दृष्टीने टाकाऊ आहे असे मानण्यात जातीच्या प्रश्नाविषयीची जी अनास्था होती, तिची किंमत परळ-लालबागच्या चळवळीने पुढे दीर्घकाळ मोजली. गिरण्यांतील विणखात्यात दलित कामगाराला मज्जाव होता आणि कम्युनिस्ट संघटनेने तो मोडून काढण्यासाठी पुरेसा आग्रह धरला नाही, ही डॉ. आंबेडकरांची तक्रार १९२८च्या संपापासूनची होती. मतदारयादीतील एकजूट कामाच्या खात्यात नसेल, तर ती मतपेटीतही टिकत नाही.

त्यानंतरच्या पाच वर्षांत मात्र चित्र पालटले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मत आणि रस्ता यांची सांगड घातली. १९५७मध्ये डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर प्रचंड मतांनी निवडून गेले, समितीने महानगरपालिका जिंकली आणि १९५८मध्ये मीरत खटल्यातील आरोपी शां. स. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मतदानाने काही साध्य होत नाही असे म्हणणाऱ्या डाव्याला गिरगाव व लालबागमधील कोणीही वृद्ध मतदार या एका उदाहरणाने निरुत्तर करू शकत असे. अर्थात हुतात्मा चौकातील गोळीबाराविना ते मतदान तसे झाले असते का, हा प्रश्नही त्याच उदाहरणात दडलेला आहे.

या यशाचा उलटा प्रवास १९७०मध्ये सुरू झाला. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा शिवसेनेचे वामनराव महाडिक यांनी दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला आणि शिवसेनेला विधानसभेत पहिला आमदार मिळाला. हत्येनंतरची सहानुभूतीही मतपेटीत पुरेशी उतरली नाही, याचा डाव्या कार्यकर्त्यांच्या मनावर झालेला परिणाम खोल होता. परंतु हा पराभव केवळ दहशतीचा होता असे मानणे आत्मवंचना ठरेल. नोकरी आणि मराठी अस्मिता या प्रश्नांवर चाळीतील तरुणाला हाक देण्यात शिवसेना डाव्यांच्या पुढे गेली होती.

गिरणीतील मत आणि न्यायालय

गिरणगावातील वैफल्याचे खरे मूळ १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. कामगारांच्या बोलीत ‘बी.आय.आर.’ या अद्याक्षरांनीच तो ओळखला गेला. या कायद्यानुसार एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना असते. एकूण कामगारांपैकी पंचवीस टक्के सभासद असल्याचे निबंधकाला दाखविले की हा दर्जा मिळू शकतो. दर्जा मिळाल्यावर वेतन, बोनस, कामाचा बोजा यांविषयी ती संघटना करील तो करार उरलेल्या सर्वांवर बंधनकारक होतो. मुंबईच्या सुती गिरण्यांमध्ये हा दर्जा काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. म्हणजे चौथ्या हिश्शाच्या सभासदत्वावर चारही हिश्शांचे भवितव्य ठरत असे, आणि त्या चौथ्या हिश्शाची मोजणीही पावत्या व नोंदवह्यांवरून होई; कामगाराच्या मुखातून वा मतातून नव्हे.

न्यायालयांनी ही चौकट अधिक घट्ट केली. गिरिजाशंकर काशीराम खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, प्रातिनिधिक संघटना उपस्थित असताना कामगाराला स्वतःच्या दाव्यात स्वतः उभे राहण्याचा हक्क नाही. संतुराम खुदाई खटल्यात हीच भूमिका पुढे कायम राहिली. सामूहिक सौद्यात अनेक तोंडे नसावीत, हा या निर्णयांमागील विचार तर्कशुद्ध होता. पण ते एक तोंड निवडण्याची रीतच सदोष असेल तर काय, या प्रश्नाकडे कायद्याची व्याख्या करणाऱ्यास पाहता आले नाही, किंवा पाहावेसे वाटले नाही.

सर्वांत बोलका निर्णय १९९०चा आहे. तो सुती गिरण्यांबाबतचा नव्हता. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्याखालील मुंबईतील एका अभियांत्रिकी कारखान्याचा होता. तेथे कोणत्या संघटनेला मान्यता द्यावी याचा निकाल गुप्त मतदानाने लावण्याचा मार्ग उभयपक्षी संमतीने अवलंबिला गेला होता. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया एम्प्लॉईज युनियन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग अमान्य केला. कायद्यात सभासदसंख्येच्या पडताळणीची पद्धत सांगितली आहे, गुप्त मतदान या कायद्याला परके आहे, आणि पक्षांच्या संमतीनेही ते आणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. अमेरिकेत १९३५च्या वॅग्नर कायद्याने कारखान्यातील संघटना गुप्त मतदानाने निवडण्याची व्यवस्था केली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३७मध्ये तो कायदा वैध ठरविला, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याकडील उणीव अधिक जाणवते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात गुप्त मतदानाचे नियम घालून दिले, पण महाराष्ट्राचा कायदा होता तसाच राहिला.

या पार्श्वभूमीवर १८ जानेवारी १९८२चा संप पाहावा लागतो. बोनसच्या वादातून प्रभादेवीच्या स्टँडर्ड गिरणीचे कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि पाहता पाहता सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. वेतनवाढीइतकीच महत्त्वाची मागणी बी.आय.आर. कायदा रद्द करण्याची होती. कामगारांनी मजदूर संघ झिडकारला आहे हे रिकाम्या गिरण्यांवरून कोणालाही दिसत होते. कायद्याला ते दिसण्याची सोय नव्हती. त्याच्या लेखी प्रातिनिधिक संघटना तीच होती आणि संप बेकायदा होता. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही.

डिसेंबर १९८४मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत डॉ. सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. गिरणीत नाकारलेले मत कामगाराने लोकसभेच्या मतपेटीत टाकले, असा याचा अर्थ लावणे योग्य ठरेल. मात्र बी.आय.आर. हा राज्याचा कायदा होता आणि सामंत गेले होते दिल्लीला. तो बदलणे विधानसभेच्या हाती होते आणि तेथील बहुमताला तो बदलण्यात रस नव्हता. मत दिले गेले, मोजले गेले, विजयीही झाले. ते केवळ चुकीच्या सभागृहात पोहोचले.

जमिनीचा निर्णय कोणी घेतला?

बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न १९९०च्या दशकात पुढे आला. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने असे सूत्र घातले की, पुनर्विकास करताना जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उर्वरित मालकाला मिळावा. १९९६मध्ये शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पण तिचा आराखडा कागदावरच राहिला. २००१मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता संपूर्ण जमिनीची न राहता केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. इमारती पाडून रिकामी होणारी जागा तिच्यातून वगळली गेली. गिरणीची जमीन बहुतांशी इमारतींनीच व्यापलेली असल्याने सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला.

हा बदल विधानसभेत विधेयक म्हणून आला नाही. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातील कलम ३७खाली, अधिसूचनेद्वारे, तो झाला. १९९१चे सरकार काँग्रेसचे, १९९६चे शिवसेना-भाजपचे, २००१चे काँग्रेस-राष्ट्रवादीचे. या काळात परळच्या मतदाराने सरकार बदलले आणि पुन्हा बदलले. जमिनीचे धोरण मात्र एकाच दिशेने चालत राहिले. दादरला शिवसेना भवनासमोरील कोहिनूर गिरणी क्र. ३ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली, तेव्हा घेणाऱ्यांत माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे पुत्र आणि राज ठाकरे यांच्याशी संबंधित कंपन्या होत्या. विरोधी बाकांवरील पक्षाला मत देऊन विक्री थांबवू पाहणाऱ्या मतदारापुढे कोणता पर्याय होता, हे यावरून लक्षात यावे.

येथे उदारमतवाद्यांनी दुसरे साधन वापरले, ते म्हणजे जनहित याचिका. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये निर्णय देऊन २००१च्या दुरुस्तीचा अर्थ सार्वजनिक वाटा वाढेल अशा रीतीने लावला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. नियमावली हा विधिनियमाचा प्रकार आहे, शासनाने विविध हितांचा तोल साधला आहे आणि धोरणाच्या प्रांतात न्यायालयाने शिरू नये, असा त्या निर्णयाचा रोख होता. कामगारांची देणी जमीनविक्रीतूनच भागणार, हा मुद्दाही मालकांच्या व शासनाच्या बाजूने वजनदार ठरला.

डाव्यांचे वैफल्य या ठिकाणी सर्वाधिक समजण्यासारखे आहे. न्यायालय म्हणते, धोरण हा लोकप्रतिनिधींचा प्रांत आहे. धोरण अधिसूचनेने ठरते, आणि लोकप्रतिनिधींपुढे मतदानासाठी येतच नाही. मग मतदाराने मत द्यावे ते कशावर? आणि याच काळात रस्त्यावरचे मार्गही अरुंद होत होते. ऑगस्ट २००३मध्ये रंगराजन खटल्यात शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २००४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २००३च्या बंदबद्दल शिवसेना व भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरण्यास सांगितले. तो निर्णय झाला तेव्हा अनेक डाव्यांना मनोमन समाधान वाटले असणार. परंतु त्यामागील तत्त्व लाल बावट्याच्या बंदलाही तितकेच लागू होते.

तरीही हे वैफल्य पूर्णतः मान्य करता येत नाही. जनहित याचिका ही मध्यमवर्गीय उद्यानप्रेमींची करमणूक आहे अशी हेटाळणी करताना, २००५च्या निर्णयाने म्हाडाच्या वाट्याची, म्हणजेच कामगारांच्या संभाव्य घरांचीही जमीन वाढली असती, हे डाव्यांनी पुरेसे ध्यानात घेतले नाही. पर्यावरणवादी आणि कामगार संघटना यांच्यातील अंतर मालकांना व शासनाला उपकारक ठरले. शिवाय मताचा अभाव हा मताहून वाईट असतो, याचा अनुभव मुंबईने अलीकडेच घेतला. मार्च २०२२मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने शहर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिले. प्रभागातील गटार तुंबले तरी जाब विचारायला नगरसेवक नव्हता. अखेर मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घेण्याचा आदेश दिला.

घराची सोडत आणि मतदारसंघाचे विसर्जन

गिरणी कामगारांनी जे काही पदरात पाडून घेतले ते मुख्यतः चिकाटीच्या संघटनेतून. १९८९पासून बंद गिरणी कामगार संघर्ष समिती व पुढे तिच्यातून वाढलेल्या चळवळीने, दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली, घराचा हक्क शासनाकडून मान्य करून घेतला. २०१२मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत काढली; नंतरही काही सोडती निघाल्या. अर्जदार मात्र सुमारे दीड लाख होते. हक्क म्हणून मागितलेली गोष्ट चिठ्ठीने मिळू लागली. अलीकडे शासनाने मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथे घरे देण्याचा पर्याय पुढे केला, आणि जुलै २०२५मध्ये वृद्ध कामगार व त्यांचे वारस मुंबईतच घर हवे म्हणून आझाद मैदानात जमले.

या मागणीला निवडणुकीच्या राजकारणात वजन का येत नाही, याचे एक कारण क्वचितच चर्चिले जाते. २००८च्या परिसीमनात मुंबई शहर जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा १७वरून १० झाल्या आणि उपनगर जिल्ह्यातील वाढल्या. लोकसंख्या उत्तरेकडे सरकल्याचा तो सरळ परिणाम होता. त्यात परळ आणि चिंचपोकळी हे मतदारसंघ नकाशावरून नाहीसे झाले. परिसीमनाच्या आदेशांना न्यायालयात आव्हान देण्यास संविधानाच्या कलम ३२९ने सर्वसाधारणपणे मज्जाव केला आहे. घरासाठी अर्ज केलेल्यांपैकी अनेकांची नावे आज बदलापूर, विरार, सातारा वा सिंधुदुर्गातील मतदारयाद्यांत विखुरलेली आहेत. त्यांच्या मागणीची जमीन शिवडी, वरळी आणि भायखळ्याच्या मतदारसंघांत आहे, आणि तेथील उमेदवाराला त्यांचे मत लागत नाही.